घरकुल अपात्र ठरवलंय, दाद कुठे मागायची?

ओवळ

नमस्कार मंडळी. आत्यासाठी लिहितेय. ती सत्तरीच्या पुढची, विधवा, दापोली-गुहागर पट्ट्यातल्या एका वाडीत एकटी राहते. गाव आणि तालुका मुद्दाम लिहीत नाही, उद्या तिलाच त्या ऑफिसांत जायचंय.

आवास प्लसच्या (प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेच्या) नव्या सर्वेक्षणात तिचं नाव घातलं होतं. मोबाइलवर चेहरा स्कॅन झाला, घराचे फोटो काढून नेले. आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली आणि तिच्या नावापुढे शेरा आहे, "अपात्र, पक्के घर". बाकी काही नाही.

घर कसं आहे ते सांगते. माजघर, त्याला लागून एक खोली, मागे चूल आणि न्हाणी, पुढे पडवी. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), पण मातीत बसवलेल्या. दर्शनी भिंतीला तेवढा काकांनी सिमेंटचा गिलावा करून पिवळा रंग मारला होता. छप्पर नळ्यांचं, म्हणजे जुन्या कौलांचं. जून २०२० च्या निसर्ग वादळात पडवीचं छप्पर उडालं, तिथे मदतीच्या पैशातून पत्रे घातले. माजघरावर अजून नळेच आहेत आणि पावसाळ्यात खाली टोप मांडून ठेवावे लागतात.

ग्रामसेवक म्हणतात, "वरून रिजेक्ट झालंय, आमच्या हातात नाही." पंचायत समिती म्हणते, "ग्रामपंचायतीत विचारा." सरपंच म्हणतात, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ म्हणजे कधी? जुनी ड यादी (याच योजनेच्या आधीच्या सर्वेक्षणाची) २०१८ ची, त्यानंतर नवं सर्वेक्षण व्हायला २०२४ उजाडलं. आत्याने आणखी सहा वर्षं टोप मांडत बसायचं का?

याविरुद्ध रीतसर अपील असतं का? असेल तर कोणाकडे आणि कशाच्या जोरावर करायचं?

घाटमाथा

खरं सांगू? विसरा. ॲपमध्ये नाव उडालं की उडालं. आमच्या मावशीच्या वेळी आमदारांची चिठ्ठी नेली होती, तीही टेबलावर धूळ खात पडली. त्यापेक्षा चार नातेवाइकांनी वर्गणी काढून छप्पर शाकारून घ्या.

मोडीवाचक

@घाटमाथा, चिठ्ठी धूळ खाणारच. चिठ्ठीत "गरीब आहे, विचार व्हावा" असं लिहिलेलं असतं आणि गरिबी हा या योजनेत तपासण्याचा रकानाच नाही. तपासतात त्या ठरावीक बाबी. मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे अर्ज पाहिलेत. दहातले आठ अर्ज "माझ्यावर अन्याय झाला आहे" असे सुरू होतात आणि कुठली नोंद चुकली हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. असा अर्ज फाइलला लावण्यापलीकडे कारकून तरी काय करणार?

@ओवळ, अपील आहे. ग्रामीण आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा पातळीवर अपिलीय समिती सांगितलेली आहे. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी, आणखी एक अधिकारी आणि निदान एक अशासकीय सदस्य. तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे द्यायची, त्यांनी चौकशी करून अहवाल समितीकडे पाठवायचा. म्हणजे "आमच्या हातात नाही" हे अर्धं खरं आहे. निर्णय त्यांच्या हातात नसेल, पण चौकशी आणि अहवाल त्यांच्याच हातात आहे, आणि अशा प्रकरणांत सगळं अहवालावरच ठरतं.

पण अपिलाला हात घालण्याआधी एक काम करा. सर्वेक्षणाच्या नोंदीची प्रत मिळवा. फळ्यावरचा शेरा म्हणजे फक्त निकाल. भिंत कशाची लिहिली, छप्पर कशाचं, खोल्या किती, कुटुंबात कोण कोण, उत्पन्नाच्या रकान्यात हो की नाही, हे सगळं सर्वेक्षणाच्या नोंदीत असतं. माहिती अधिकारात जोडपत्र अ भरा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा (दारिद्र्यरेषेचा पुरावा जोडला तर तेही लागत नाही), आणि तीन गोष्टी मागा: सर्वेक्षण नोंदीची प्रत, अपलोड केलेले फोटो, आणि ज्या ग्रामसभेत यादी वाचली तिचं इतिवृत्त. नाव वगळलं तर कारण इतिवृत्तात लिहायचं असतं. बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलंच नसतं, आणि तोसुद्धा तुमच्या बाजूचा मुद्दा होतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर जोडपत्र ब, वीस रुपयांचं तिकीट, पहिलं अपील. सहसा तिथवर जावं लागत नाही. पोचपावतीचा शिक्का पाहिला की कागद हलतो.

चिरेखाण

बांधकामातला माणूस म्हणून लिहितो. "चिऱ्याची भिंत म्हणजे पक्की" हे कोकणाबाहेरच्या डोक्यातून आलेलं आहे. चिरा कसा लावलाय त्यावर सगळं आहे. चुन्यात किंवा सिमेंटात लावला तर पक्की. मातीत लावला तर भिंत दिसते दणकट, पण पाऊस मुरला की सांधा फुगतो, उंदीर पोखरतात, आणि एक दिवस कोपरा बसतो. निसर्गमध्ये ज्या भिंती कोसळलेल्या मी पाहिल्या त्या बहुतेक अशाच होत्या.

पुरावा सोपा आहे. गिलावा नसलेल्या बाजूच्या, म्हणजे न्हाणीकडच्या किंवा मागच्या भिंतीचा सांधा खिळ्याने खरवडा. सिमेंट असेल तर खिळा घसरतो. माती असेल तर तांबडा भुगा पडतो आणि खिळा बोटभर आत जातो. खिळा आत रुतलेला असतानाच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा. दर्शनी भिंतीचा गिलावाही एका कोपऱ्यात थोडा उडवा, आत तीच माती निघेल.

मोडीवाचक

चिरेखाण यांनी नेमकं सांगितलं. नियमातही हाच फरक आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणापासून भिंतीचे जे प्रकार धरतात त्यांत "मसाल्याशिवाय (चुना-सिमेंटाशिवाय) रचलेला दगड" कच्च्यात आणि "मसाल्यात बसवलेला दगड" पक्क्यात. छपराचंही तसंच. हाताने केलेली कौलं कच्च्यात, यंत्रावरची कौलं पक्क्यात, आणि पत्राही पक्क्यातच जातो. आत्याबाईंचे नळे म्हणजे कुंभाराच्या हातची कौलं. मंगलोरी, म्हणजे यंत्रावरची, असती तर प्रकरण कठीण होतं.

पत्र्याची भीती वाटते ती रास्त आहे, कारण छप्पर किंवा भिंत यांपैकी एक जरी पक्कं धरलं तरी नाव गळतं. पण नोंद मुख्य साहित्याची करायची असते. पडवीवर पत्रा आणि माजघर, खोली, चूल या सगळ्यांवर नळे असतील तर छपराचं मुख्य साहित्य नळे. समोर रस्त्यावर उभं राहून फोटो काढला की पत्रा आणि पिवळी भिंत एवढंच दिसतं. बहुधा तेच झालंय.

अजून एक कागद तुमच्या घरातच असेल. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा असेसमेंट उतारा. त्यात बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो. ग्रामपंचायत वर्षानुवर्षं "दगड-मातीचे, कौलारू" म्हणून घरपट्टी घेत असेल तर तीच ग्रामपंचायत "पक्के घर" कसं म्हणते, हा प्रश्न अर्जात एका ओळीत विचारा. याला उत्तर देणं त्यांना जड जातं.

काजूबी

माझं थोडं वेगळं आहे, पण याच धाग्यात विचारते. आमचं नाव जमिनीमुळे गेलं. सातबाऱ्यावर सहा एकरांच्या वर दिसते. सगळं वरकस (हलकी, उताराची जमीन), अर्ध्याहून जास्त नुसता कातळ, आणि सातबाऱ्यावर नावं किती आहेत ते मोजतानाच दमायला होतं. आजोबांचे चार भाऊ, त्यांची मुलं, मुंबईकर, कोणी वारलेले, कोणाची वारसनोंद झालेली नाही. आमच्या वाट्याला एकरभरही येत नाही.

मु. पो. बर्मिंगहॅम

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा राजापूरकडचा, इथे एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एकदा मदतनीस म्हणून बसतो. इथे भाड्यासाठी हाऊसिंग बेनिफिट असतं (कामाच्या वयाच्या बहुतेकांना आता त्याऐवजी युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं). ते नाकारलं तर कौन्सिलचं पत्र येतं. पत्राच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत दोनपैकी एक मार्ग धरायचा: कौन्सिलला फेरविचार करायला सांगायचं, नाहीतर थेट अपील. अपीलही कौन्सिलकडेच द्यायचं, ते स्वतंत्र ट्रिब्युनलकडे पाठवतात. पत्रात कारण नीट नसेल तर लेखी कारणं मागण्याचा हक्क आहे.

पद्धत वेगळी, पैसा वेगळा, पण लोक हरतात ते एकाच जागी. कारण न वाचता भांडतात. उत्पन्न जास्त धरलं म्हणून नाकारलेलं असतं आणि माणूस पाच पानं आजारपणावर लिहितो. मोडीवाचक म्हणतात ते आम्हीही पहिल्या भेटीत सांगतो, आधी कागद दाखवा.

घाटमाथा

तिकडे ट्रिब्युनल आहे हो, इकडे साहेब मीटिंगला गेलेत.

मोडीवाचक

@काजूबी, हे कोकणातलं सगळ्यात मोठं दुखणं. आताच्या निकषांत अडीच एकर किंवा जास्त बागायत, अथवा पाच एकर किंवा जास्त जिरायत असेल तर अपात्र. देशावर ठीक आहे, तिथे सातबारा बहुतेक एका घराचा असतो. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर अख्खी भावकी नांदते. सर्वेक्षण करणारा खालचा एकूण आकडा बघतो आणि हो दाबतो.

तुम्ही तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तुम्ही तलाठीच म्हणा, ओ देतील) सामाईक खात्यात तुमचा हिस्सा किती याचा दाखला मागा. सातबाऱ्यावर आणेवारी (कोणाचा किती हिस्सा) असेल तर काम सोपं. नसेल तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून हिस्सा काढून दाखवावा लागेल. वारसनोंदी अडकल्या असतील तर त्या आधी घाला, त्याला पर्याय नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं, पण मुंबईकरांच्या सह्या गोळा करण्यात गणपती येतात आणि जातात. घरकुलासाठी त्याची वाट बघू नका, हिस्स्याचा दाखला पुरे करून घ्या. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती तेही त्यात वेगळं लिहून मागा.

पागेरा

आमच्या कोळीवाड्यातले निम्मे लोक जुन्या ड यादीत होडीमुळे कटले. होडीला इंजिन म्हणजे श्रीमंत! बँकेचा हप्ता कोण भरतो ते कोणी विचारलं नाही. फ्रीजमुळे पण कटले, मासळी ठेवायचा जुना फ्रीज.

मोडीवाचक

पागेरा, ती अट आता नाही. २०२४ मध्ये निकष तेरावरून दहावर आणले. यांत्रिक होडी, दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन फोन हे काढून टाकलं, आणि कुटुंबातल्या कोणाचंही महिन्याचं उत्पन्न दहा हजारांपेक्षा जास्त नको ही मर्यादा पंधरा हजारांवर नेली. त्यामुळे २०१८ च्या नकारावर आज अपील करण्यात वेळ घालवू नका. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो नकार बरोबरच होता. नव्या सर्वेक्षणात नाव आहे का बघा, आणि तिथेही कोणी होडीचं कारण पुढे केलं तर मात्र सोडू नका.

ओवळ

सगळ्यांचे आभार. ताजी खबर देते.

माहिती अधिकाराचा अर्ज आत्याच्या नावाने टाकला. उत्तर मुदतीत आलं. नोंदीची छापील प्रत हातात आली आणि आम्ही बघतच राहिलो. भिंत: पक्की. छप्पर: पत्रा. खोल्या: ४. इथवर अपेक्षित होतं. पण खाली कुटुंबातल्या व्यक्ती: २, आणि दरमहा पंधरा हजारांपेक्षा जास्त उत्पन्न: होय.

दुसरी व्यक्ती म्हणजे माझा चुलतभाऊ, आत्याचा भाचा. तो लहानपणी शाळेसाठी तिच्याकडे राहायला होता तेव्हा रेशनकार्डावर नाव चढवलं ते तसंच राहिलं. रोहयोच्या जॉबकार्डावरही आहे. आता तो अंबरनाथला असतो, लग्न झालेलं, दोन मुलं.

म्हणजे आम्ही नुसते भिंत आणि छप्पर घेऊन भांडलो असतो आणि जिंकलो असतो तरी उत्पन्नाच्या रकान्याने गळा धरलाच असता. फळ्यावर एकच कारण लिहिलेलं, आत दोन. खोल्या चार कशा झाल्या ते मात्र कळत नाही.

सागरगोटे

चार कशा ते मी सांगतंय. आमच्याकडे पण असाच झाला हा. माजघर एक, खोली दोन, चूल तीन आणि पडवी चार. मेल्यान भायरसून मोजल्यान नि गेलो. पडवी खोली खंयची? तिका धड दार नाय, तीन बाजूंनी उघडी. उद्या तुळशीकडचा मांगर पण खोलीत धरतीत!

मोडीवाचक

सागरगोटे, अगदी बरोबर. दोनपेक्षा जास्त खोल्या असल्या तरी नाव गळतं, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. जनगणनेत राहण्याची खोली मोजताना स्वयंपाकघर, न्हाणी, कोठार, व्हरांडा धरत नाहीत. तीच व्याख्या अर्जात लिहा. पडवी म्हणजे व्हरांडा, चूल म्हणजे स्वयंपाकघर. उरल्या दोन: माजघर आणि खोली. घराचा साधा नकाशा हाताने काढा, प्रत्येक चौकोनाला लांबी-रुंदी फुटांत लिहा, कुठे दार आहे आणि कुठे नाही ते दाखवा. अभियंत्याची गरज नाही. चौकशीला येणारा माणूस तो कागद हातात धरून घरभर फिरतो, हा माझा अनुभव.

भाच्याचं. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला, वेगळं बिऱ्हाड केलेला भाचा त्यात बसत नाही, कार्डावर नाव असलं तरी. पण नुसतं म्हणून चालणार नाही. त्याचं अंबरनाथचं रेशनकार्ड किंवा आधारवरचा पत्ता जोडा. तहसीलच्या पुरवठा शाखेत त्याचं नाव आत्याच्या कार्डावरून कमी करण्याचा अर्ज द्या आणि त्याची पोच जोडा. कमी होऊन येईपर्यंत थांबू नका. जॉबकार्डावरूनही काढायला सांगा.

@ओवळ, आता अर्जाचा ढाचा. एक पान. वर संदर्भ: नोंदणी क्रमांक, यादीची तारीख. मग चार ओळी, प्रत्येक ओळीत एक चुकीची नोंद, त्यापुढे बरोबर काय, त्यापुढे पुराव्याचा क्रमांक. शेवटी मागणी: "प्रत्यक्ष स्थळपाहणी करून, पंचनामा माझ्या समक्ष करून, नोंद दुरुस्त करावी व अहवाल अपिलीय समितीकडे पाठवावा." विधवा, वृद्ध, वादळग्रस्त हे सगळं एका वाक्यात, शेवटी. मूळ प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक प्रत जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या प्रकल्प संचालकांना. दोन्हीकडे पोच.

घाटमाथा

आणि ग्रामसभा? तिथे ठराव केला की झालं असं आमचे सरपंच सांगतात.

मोडीवाचक

ठरावाने निकष बदलत नाही. एखाद्याची चारचाकी आहे आणि ग्रामसभेने हात वर करून "पात्र" म्हटलं तर तो ठराव चुलीत घालायचा. पण इथे वाद निकषाचा नाही, वस्तुस्थितीचा आहे. घर कसं आहे हे वाडीला माहीत आहे. "सदर घर मातीत रचलेल्या चिऱ्यांचे, नळ्यांचे व दोन खोल्यांचे आहे आणि बाई एकट्या राहतात हे ग्रामसभेस माहीत आहे" असा मजकूर इतिवृत्तात आला तर चौकशी अधिकाऱ्याला आधार मिळतो. विषय आधी लेखी द्या, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या विषयांवर सोडू नका. आणि आत्याबाईंनी महिलांच्या सभेत आधी मांडलं तर उत्तम. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते, आणि तिथे बायका जास्त मोकळेपणी बोलतात.

गणसंख्येकडे लक्ष ठेवा. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल तेवढे लागतात. शिमग्यात किंवा गणपतीत सभा असेल तर मुंबईकरही असतात, एरवी वाडीतून माणसं गोळा करून न्या.

काजूबी

आमच्याकडे एक जण दोन हजार रुपये घेऊन "नाव वर घालून देतो" म्हणतोय. सायबर कॅफेवाल्याच्या ओळखीचा आहे. द्यावे का? सासरे द्यायला निघालेत.

चिरेखाण

अजिबात नको. सर्वेक्षणाला पैसे नाहीत, अपिलाला पैसे नाहीत. तो फक्त तुमचाच अर्ज टाइप करून देणार.

आणि ज्यांना मंजूर होईल त्यांनी हिशोब आधी मांडा. केंद्र-राज्य मिळून एक लाख वीस हजार, शौचालयाचे बारा हजार वेगळे, रोहयोतून नव्वद दिवसांची मजुरी. राज्याने २०२५ मध्ये पन्नास हजारांची भर घातली, त्यातला काही भाग सौरऊर्जेसाठी. किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. चिरा, वाळू आणि डोंगरातल्या वाडीवर माल चढवायची मजुरी धरली तर एवढ्यात घर होत नाही, स्पष्ट सांगतो. बरेच जण जोत्यावरच अडकतात आणि पुढचा हप्ता निघत नाही. २६९ च्या वर एक फूटही वाढवू नका, नंतर पडवी काढा.

ओवळ

पुढची खबर.

महिलांच्या सभेत आत्या स्वतः बोलली. मला वाटलं होतं ती गप्प बसेल. तिने पिशवीतून फुटका नळा काढला आणि टेबलावर ठेवला, "ह्यो पत्रा काय?" एवढंच विचारलं. सभा हसली, पण इतिवृत्तात मजकूर आला, मोडीवाचकांनी सांगितलेल्या शब्दांत जवळजवळ.

अपिलाचा अर्ज दिला, दोन्हीकडच्या पोचा घेतल्या. नमुना ८ मध्ये खरंच "दगड-माती, कौलारू" निघालं. त्यानंतर पंचायत समितीकडून तपासणीला माणूस आला. तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. खिळा रुतलेला फोटो त्याने पाहिला, मग स्वतःच खिशातली किल्ली काढून मागच्या भिंतीत घातली. माळ्यावर चढून नळ्यांचे फोटो काढले. नकाशा घेऊन फिरला. पंचनाम्यावर आत्याची आणि दोन शेजाऱ्यांची सही आहे, प्रतही मिळाली. त्यात भिंत, छप्पर, खोल्या तिन्ही बरोबर लिहिल्यात.

भाच्याचं मात्र त्याने "अभिप्रायासाठी सादर" असं लिहिलं. याचा अर्थ काय? अहवाल जिल्ह्याला गेलाय, निर्णय अजून नाही.

मोडीवाचक

अर्थ असा की त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. वाईट नाही, पण इथे फाइल झोपू शकते. भाच्याचं नाव कमी झाल्याचं नवं रेशनकार्ड आलं की लगेच पुरवणी कागद म्हणून पाठवा, मूळ अर्जाचा आवक क्रमांक घालून. महिनाभरात हालचाल नसेल तर जिल्ह्याच्या लोकशाही दिनात (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस) अर्ज करा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आधी तालुक्याचा, तिसऱ्या सोमवारचा, करून घ्या, नाहीतर "तालुक्याला गेला होतात का" म्हणून परत पाठवतील. तिथे नवीन काही मांडू नका. "अहवाल अमुक तारखेला सादर, निर्णय प्रलंबित" एवढंच.

घाटमाथा

बघू, कळवा काय होतं ते. आमच्या मावशीचा कागद पण शोधतो. तिचं शेऱ्यात "कुटुंबात पक्के घर" होतं, आणि ते घर तिच्या दिराचं. त्याचंही असंच करायचं ना?

मोडीवाचक

तसंच. दिराचं घर वेगळ्या असेसमेंटला असेल तर दोन्ही नमुना ८ जोडा. एकाच घर क्रमांकावर दोघांची नावं असतील तर आधी ग्रामपंचायतीत असेसमेंट वेगळी करायचा अर्ज. तिची चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं, विजेचा मीटर वेगळा असं जे जे वेगळं ते ते लावा. मावशी कुठल्या प्रवर्गात येतात? इतर मागासवर्गात असतील तर मोदी आवास (चालू असेल तर), अनुसूचित जातीत असतील तर रमाई, जमातीत असतील तर शबरी यांतही अर्ज करता येईल. तिथल्या याद्या वेगळ्या असतात. एकातला नकार दुसऱ्याला लागू होत नाही, फक्त दोन्हीकडून लाभ घेता येत नाही.

पागेरा

एक राहिलं. होडी निकषातून गेली म्हणालात. पण आमच्या इथे बऱ्याच जणांनी मच्छीमारांचं किसान क्रेडिट कार्ड काढलंय. त्याचं काय?

मोडीवाचक

ती अट आहे अजून. पन्नास हजार किंवा त्यापेक्षा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल तर अपात्र. आंबा-काजूवाल्यांचंही यातच जातं. बघतात ती मंजूर मर्यादा, उचललेली रक्कम नाही. बँकेतून मर्यादेचं पत्र घ्या. कार्ड बंद केलेलं असेल तर बंद केल्याचा दाखला घ्या. कार्ड वडिलांच्या नावावर आणि तुम्ही लग्न होऊन वेगळे राहत असाल तर ते तुमच्या कुटुंबात धरू नये, तिथे पुन्हा रेशनकार्डाचाच मुद्दा येतो.

पागेरा

वडिलांच्याच नावावर आहे. रेशनकार्ड एकच.

मोडीवाचक

मग आधी कार्ड वेगळं करा. उद्याच.